पीठ सांडणारा

हांगचौ,
२ ऑक्टोबर

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

इकडे क्षेम आहे, म्हणजे खोकला, पाठदुखी आणि पगार जिथल्या तिथे आहेत. आजच्या पत्राचं कारण क्षुल्लक आहे, पण मी ते पूर्ण गांभीर्याने मांडणार आहे आणि तूही चष्मा पुसून, पंखा बंद करून वाचावंस अशी विनंती आहे. तुझ्या धाकट्या भावावर अन्याय झाला आहे. त्याचा करुणरस कापण्यात आला आहे.

सांगतो. जुलैत मी एका चित्रपटात काम केलं. तुला सांगितलं नाही, कारण तू तुझ्या मंदारला सांगितलं असतंस आणि मंदारने सगळ्या मिरजेला. 'शुभ्र खिंड' नावाचा हा चित्रपट सत्तर वर्षांपूर्वी कोरियात चीनच्या अमेरिकेशी झालेल्या लढाईवर आहे. काल राष्ट्रदिनाच्या मुहूर्तावर लागला. बसच्या अंगावर, दुधाच्या पिशवीवर, आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे त्याचीच चित्रं आहेत. खर्च किती केलाय ते रोज कुणीतरी सांगतं, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

आता अशा चित्रपटांची एक अडचण असते. त्यांना शत्रू फार लागतात, आणि इथे शत्रूचा कायम तुटवडा. त्यासाठी शाओ नावाचा एक गृहस्थ परदेशी चेहरे गोळा करत हिंडतो. दातांचे डॉक्टर व्हायला आलेली कझाक मुलं, बालवाडीत इंग्रजी शिकवणारे, व्यायामशाळेतला एक ब्राझिली, असे सगळे धरून नेतो आणि त्यांना अमेरिकन करतो. मला तो आमच्या कॉलेजच्या फाटकाशी भेटला. मी नुकताच बौद्ध भिक्षूंना संस्कृतची विभक्ती शिकवून बाहेर पडलो होतो, त्यामुळे चेहऱ्यावर थकवा आणि करुणा दोन्ही असणार. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा चेहरा दयाळू आहे. तुम्हाला डॉक्टर करतो." मी भाळलो. चित्रनगरीत पोचल्यावर कळलं, की डॉक्टर एका रशियनाला दिलाय, कारण त्याने स्वतःचा चष्मा आणला होता. माझ्या रंगाकडे बघून मला अमेरिकेच्या बाजूने लढणारा तुर्की शिपाई करण्यात आलं. मिशी चिकटवली. माझी स्वतःची मिशी तुर्की वाटत नाही म्हणून तिच्यावरून दुसरी चिकटवली.

जुलैचा उकाडा, अंगात लोकरीचा ओव्हरकोट, आणि आकाशातून कागदाचं बर्फ. माझं काम असं. खिंडीत एका चिनी शिपायाचं प्रेत पडलंय. त्याच्या छातीवर भाजलेल्या पिठाची लांबोडी पिशवी. हे लोक त्या लढाईत महिनोन्‌महिने त्या पिठावर राहिले. आपलं सातूचं पीठ असतं ना, तसंच. मूठभर पीठ, मूठभर बर्फ. तर मी वाकायचं, पिशवी उचलायची, तळहातावर थोडं पीठ ओतायचं, हुंगायचं. मग माझ्या लक्षात यायचं की हा पोरगा नुसत्या एवढ्यावर लढला. बोटांतून पीठ गळून पडायचं. मग मी शिरस्त्राण काढायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. दिग्दर्शकाने हे मला इतकं मन लावून समजावलं की मला आमचे गुरुजी आठवले. प्रेत झालेला मुलगा निंगपोचा होता, नाट्यविद्यालयातला. उकाड्याने बिचारा खरोखरच झोपून गेला आणि घोरायला लागला, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागलं. शेवटच्या वेळी मी जे बघितलं ना अक्का, ते खरं बघितलं. दिग्दर्शकाने खांदा दाबला.

काल सकाळी एकटाच जाऊन पाहून आलो. पडद्यावर मी येतो. वाकतो, पिशवी उचलतो, पीठ सांडतो. आणि लगेच दिसतो तो तिमूर, दातांचा होऊ घातलेला डॉक्टर, खदाखदा हसताना. तो वेगळ्याच दिवशी, वेगळ्याच ठिकाणी, कुणीतरी घसरून पडलं म्हणून हसला होता. ते हसू आणून माझ्या पिठाला जोडलंय. शिरस्त्राण नाही, बघणं नाही. आपल्या पूर्वसूरींनी विभाव, अनुभाव, संचारी यांचा एवढा काथ्याकूट केला, पण कात्री हा नववा की दहावा भाव त्यांना सुचला नाही. माझ्या मागच्या रांगेतल्या म्हातारीने शेजारणीला म्हटलं, "बघितलंस मेल्याला? अन्न सांडतो." मला मागे वळून सांगावंसं वाटलं, की बाई, थांबा, अजून शिरस्त्राण यायचंय.

असो. तुझी भावजय पेइलान बरी आहे, तिच्या इस्पितळात सुटीतही रात्रपाळ्या आहेत. सासरे ठीक.

तुझी भाची ऋता मजेत आहे. तिची मोठी बातमी म्हणजे शाळेने तिला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलंय. विषय यंदा साहजिकच हुतात्मे. सासऱ्यांचे थोरले भाऊ, लोउ चिनशान, या लढाईत गेले. दक्षिणेतला पोरगा, जन्मात धड बर्फ पाहिलेलं नव्हतं, पातळ कोट घालून गेला आणि परत आला नाही. त्यामुळे शाळेला तिचा फार अभिमान. सुटी संपली की सगळ्या आठवीला 'शुभ्र खिंड' दाखवायला नेणार आहेत, आणि मग प्रत्येकाने त्यावर निबंध लिहायचा, तसा रिवाजच आहे.

तिला अजून माझ्या तुर्कस्तानच्या सफरीची कल्पना नाही. पेइलान म्हणते आज रात्री सांग. मी म्हटलं उद्या. आज सासऱ्यांनी खेकडे आणले होते, आणि चांगल्या जेवणावर असल्या गोष्टी काढू नयेत.

तुझा
दिगू

ता.क. पत्र नेहमीप्रमाणे फोटो काढून पाठवतोय. मंदारला म्हणावं, छापताना कडा कापू नकोस. कात्रीचं नाव काढलं तरी मला आता दचकायला होतं.

·

हांगचौ,
२१ ऑक्टोबर

ती. अक्का,
नमस्कार.

तुझं उत्तर पोचलं. 'रस गेला खड्ड्यात, पोरीला सांगितलंस का?' एवढंच. शाळेत निबंधात तुला कमी गुण पडायचे ते याचमुळे. तू पहिल्याच ओळीत मुद्द्यावर येतेस. मी क्रमाक्रमाने येणार आहे.

चित्रपट धो धो चालतोय. कचेऱ्या आपापली माणसं बसने नेतात. आमच्या कॉलेजचे भिक्षूही गेले, काषाय वस्त्रांत, रांगेने, आणि ओक्साबोक्शी रडून आले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक तरुण भिक्षू मागे रेंगाळला. अत्यंत अदबीने म्हणाला, "गुरुजी, ते आपणच का?" मी होय म्हटलं. त्याने बराच विचार केला आणि विचारलं, की नाटकात सांडलेल्या अन्नाचं पाप लागतं का. मी म्हटलं, दिग्दर्शकाला लागत असावं. त्याने ते वहीत टिपून घेतलं.

लोकांनी नवीनच टूम काढली आहे. भाजलेलं पीठ आणि चुरलेलं बर्फ खायचं, आणि खाताना स्वतःचं चित्रण करून टाकायचं. कोपऱ्यावरच्या शेवयांच्या दुकानात वेंगने गल्ल्याशेजारी पिठाचा मोठा वाडगा ठेवलाय, ज्याला हवं त्याने फुकट खावं. पहिला घास घेऊन रडणारे मी स्वतः पाहिलेत, आणि ते काही खोटं रडत नव्हते. मी आत शिरलो तसा वेंग म्हणाला, "या मास्तर. पण वाडगा मी धरतो हां, तुम्ही आपलं नुसतं चमच्याने खा." सगळं दुकान हसलं, मीही हसलो. कुणीतरी माझ्या त्या सांडण्याचा तुकडा कापून फोनवर सोडलाय. त्यात मी अखंड पीठ सांडत राहतो. थांबतच नाही. भाजीवाली मला हल्ली दुहेरी पिशवी देते.

सगळेच थट्टा करतात असं नाही. आमच्या फाटकावरचा पहारेकरी जुना सैनिक आहे. त्याने सकाळचा नमस्कार बंद केला. परवा स्वतःच थांबवून म्हणाला, "काम ते काम, एवढं मला समजतं मास्तर. कुणीतरी शत्रू व्हायलाच हवा. पण पीठ कशाला सांडायचं?" मला शिरस्त्राणाची गोष्ट सांगता आली असती. का कोण जाणे, सांगितली नाही.

सासऱ्यांना मात्र मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्यांनी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहून आले ते थेट स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मी भांडी विसळत होतो. म्हणाले, "जावईबापू, चिनशान गेला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं, त्याचं पीठ कुणी खाल्लं की कुणी सांडलं, आम्हाला कधी कळलं नाही. घरी नुसता एक कागद आला. मी आपलं ठरवलंय की तिथे कुणीतरी तुमच्यासारखा वाकला असेल." मग माझ्या हातातलं भांडं घेऊन पुसायला लागले. म्हाताऱ्याला माझा कापलेला रस पोचला, आणखी काय हवं.

आता तुझा प्रश्न. नाही सांगितलं.

रोज उद्यावर ढकललं. एकदा तिचा अभ्यास होता, एकदा ती हसत होती, एकदा मलाच हसू येत होतं. सुटीनंतरच्या गुरुवारी शाळा थिएटरात गेली. पुढचं मला पेइलानकडून कळलं, आणि तिला ऋताच्या मैत्रिणीच्या आईकडून. मी पडद्यावर आलो तसा मागून एक मुलगा उठून ओरडला, "अरे, हा तर रुइताचा बाप." रुइता हे तिचं शाळेतलं नाव. एका रांगेतून हसू फुटलं आणि दुसऱ्या रांगेत गेलं. त्यानंतर लगेच त्या मेलेल्या पोराचा मोठा भाऊ त्याला शोधत येतो, तो प्रसंग आहे. तिथे सगळे रडतात. तर अर्धी मुलं रडत होती आणि अर्धी माना वळवून तिच्याकडे बघत होती. ती उठून गेली नाही. शेवटपर्यंत ताठ बसून राहिली म्हणे.

घरी आली, हात धुतले, नीट जेवली. मग चिनीत विचारलं, "का केलंस?"

मी म्हटलं, "जेवण फुकट होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, वाडगा उचलून मोरीत ठेवला आणि खोलीत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी चिनीतच बोलते. तुला ठाऊक आहे, आमच्या दोघांत मराठी चालायची. तिच्या आईची तक्रार असायची, की तुम्ही दोघं माझ्यासमोर माझी निंदा करता आणि मला कळत नाही. आता निंदा बंद आहे. भांडण नाही, अबोला नाही, उलट फार सभ्यपणा. मला 'तुम्ही' म्हणते. परवा माझं पांघरूण सरकलं होतं तर येऊन नीट केलं आणि विचारलं, "आता ठीक आहे ना तुम्हाला?" एखाद्या इस्पितळात असल्यासारखं वाटलं.

तिने तुला नेहमीसारखं मराठीत पत्र का लिहिलं नाही, ते यावरून तुला समजेल. मी तिला आठवण केली नाही, करणारही नाही.

काल तिच्या वर्गशिक्षिका, जिन बाई, घरी आल्या होत्या. तरुण आहेत, मनाने चांगल्या आहेत, चहा संपेपर्यंत विषय काढायचा नाही हे पाळतात. विषय होता भाषणाचा. त्यात एक परिच्छेद आहे. चिनशान काकांची इथे समाधी नाही, ते तिकडेच राहिले. पण हुतात्मा उद्यानात नावांची भिंत आहे, आणि त्यांचं नाव बरंच उंच कोरलंय. दर वसंतात पितरांच्या दिवशी आम्ही जातो. सासऱ्यांचा हात तिथवर पोचत नाही. मी उंच, म्हणून ओल्या फडक्याने नाव मी पुसतो आणि ते खालून सांगतात, डावीकडे, अजून थोडं डावीकडे. ऋताने हे उन्हाळ्यातच लिहिलं होतं, आणि मला वाचून दाखवलं होतं.

जिन बाई म्हणाल्या, "परिच्छेद फार सुंदर आहे. पण सभागृहात सगळ्यांनी चित्रपट पाहिलाय. तिने 'बाबा' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे पीठ येणार. कुणी हसलं तर? मला तुमची नाही, तिची काळजी आहे."

पेइलानने विचारलं, "मग नाव कोण पुसतं म्हणून सांगायचं? ते काय आपोआप पुसलं जातं?"

शेवटी ऋताच म्हणाली, की मी ठरवीन. बाई गेल्यावर मी तिला म्हटलं, काढून टाक, एका परिच्छेदाचा तर प्रश्न आहे, मला सवय झाली आहे. पेइलानने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. तू तिथे असतीस तर तूही तसंच पाहिलं असतंस.

स्पर्धा पुढच्या आठवड्यात.

तुझा
दिगू

·

हांगचौ,
६ नोव्हेंबर

ती. अक्का,
नमस्कार.

दिवाळीच्या फराळाचे फोटो पोचले. चकल्या यंदा जमल्यात, गेल्या वर्षीचं मी बोललो नव्हतो.

ऋताचा पहिला नंबर आला. प्रशस्तिपत्र सासऱ्यांच्या पलंगाशेजारी भिंतीवर लावलंय. पेइलान खूष आहे, शाळा खूष आहे, जिन बाईंनी पालकांच्या गटात फुलांची आणि टाळ्यांची एवढी चित्रं टाकली की माझा फोन अडकला.

मीही गेलो होतो. मला कुणी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. पेइलान इस्पितळात पाळीवर होती. सासरे हुतात्म्याचे भाऊ म्हणून पहिल्या रांगेत, कोटाला मोठं लाल कागदी फूल. मी सगळ्यात मागे, सज्जाखाली, टोपी घालून बसलो. टोपी कशाला, ते तुला सांगायला नको.

अक्का, आपली पोर बोलते फार छान. हातवारे नाहीत, रडं नाही. तिच्या आधी दोन मुलं अशी ओरडली की माईक शिट्ट्या मारत होता. ही आली, थोडी थांबली आणि घरात बोलतो तशा आवाजात बोलायला लागली. पातळ कोट घालून गेलेला पोरगा, तो एक कागद, सगळं आलं. परिच्छेद गाळलेला असणार ही माझी तयारी होतीच. गाळण्याचं मला काही नाही, हे मी तुला मागेच लिहिलं.

तिने गाळला नव्हता.

ती म्हणाली, "आमच्या घरात आम्ही तिघं. आजोबा, आई आणि मी. दर वसंतात आम्ही त्या भिंतीपाशी जातो. नाव उंचावर आहे. आजोबांचा हात पोचत नाही, माझाही पोचत नाही. आम्ही खाली उभं राहून वर बघतो."

माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. अगदी पुसण्यासारखंच वाक्य होतं. संस्कृत मास्तर म्हणून सांगतो, मूळ परिच्छेदापेक्षा हा सरस आहे. मूळ परिच्छेदात एक लांबडा माणूस फडकं घेऊन उगाच मध्ये येत होता. पहिल्या रांगेत सासऱ्यांनी मान वळवून मागे पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मी त्यांना दिसलो नसणार. टाळ्या झाल्या तेव्हा मीही वाजवल्या. वाजवायच्या म्हणून नाही, आपोआप वाजल्या.

बाहेर सासरे फूल हातात घेऊन उभे होते. ते बसने जातो म्हणाले, तुम्ही दोघं स्कूटरवर या. माझा दंड धरून एवढंच बोलले, "वसंतात फडकं तुम्हीच आणायचं जावईबापू. मी डावीकडे सांगणार." आणि गेले.

ऋता मागे बसली. आम्ही कालव्याच्या कडेने निघालो. मी सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला. मराठीत.

"बाबा, तू आला होतास ना? टोपी दिसली मला."

मी म्हटलं, "टोपी कुणाचीही असू शकते."

"राग आला?"

"राग कसला? चौघं म्हटलं असतंस तर परीक्षकांना चौथ्याचं काय करायचं असा प्रश्न पडला असता."

ती हसली नाही. पूर्वी असल्या फालतू वाक्याला पाठीत गुद्दा मिळायचा. सिग्नल सुटला. आम्ही पुढच्या पुलापर्यंत आलो. मग म्हणाली, "बाईंनी फक्त गाळ म्हटलं होतं. मी गाळून बघितलं, पण भाषण मध्येच अडखळायचं. नाव कोण पुसतं ते सांगायला लागायचं, मग तू इथला कसा नाहीस ते, मग चित्रपटातलं. कितीही लिहिलं तरी संपेचना. मग मी तिघं म्हटलं."

"आणि?"

"आणि सोपं झालं. पुढचं सगळं आपोआप आलं."

तिने हे मला लागावं म्हणून सांगितलं नाही. गणित सुटलं की ती जशी सांगते तसं सांगितलं. मी म्हटलं, "छान झालं भाषण." ती म्हणाली, "हो." घरी आल्यावर पेइलानशी चिनीत बोलत राहिली, मला चहा करून दिला. मराठी परत आली की तेवढ्यापुरतीच होती, मला अजून कळलेलं नाही. मी वाट बघतोय आणि वाट बघत नसल्यासारखं दाखवतोय.

आता एक गोष्ट सांगतो, ती मी पेइलानलाही सांगितलेली नाही. शाओने मला डॉक्टर करतो म्हटलं म्हणून मी गेलो नव्हतो, आणि जेवणासाठी तर नाहीच. ऋताला हे लढाईचे चित्रपट फार आवडतात. ती आणि तिच्या मैत्रिणी एकेक चित्रपट तीन तीनदा बघतात आणि घरी येऊन पात्रांची नावं घेऊन भांडतात. ती बालवाडीत होती तेव्हापासून मी शाळेच्या फाटकाशी उभा असतो आणि पोरं तिला विचारतात, तुझे बाबा कुठले, ते इथे काय करतात. संस्कृत शिकवतात या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, तिचंही होत नसावं. मला वाटलं, एकदा तिच्या सगळ्या वर्गाने मिळून तिच्या बापाला पडद्यावर बघावं. शिरस्त्राण काढून उभा असलेला. मग विचारणार नाहीत. म्हणून तिला आधी सांगितलं नाही. मला तिचा चेहरा बघायचा होता, बाकी काही नाही.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की चित्रपटवाल्यांना पत्र लिही, त्या शाओला जाब विचार, शाळेत जाऊन एकदा नीट समजावून सांग. अक्का, कुणाला काय समजावू? चित्रपट बघून वेंग रडला, ते भिक्षू रडले, सासरे दोनदा रडले. एका घरी कागद आला होता आणि आता तो कागद सगळ्यांनी मिळून वाचला, त्यात वाईट काही झालं नाही. जिन बाई चुकल्या नाहीत. त्या ओरडलेल्या मुलाने तर खरं तेच ओरडलं. ऋता खोटं बोलली याचंही मला फारसं काही वाटत नाही, भाषणात सगळेच थोडं बोलतात.

दोन वर्षांनी ती सोळाची होईल. तेव्हा स्वतःचं ओळखपत्र काढील, मग दुसऱ्या शहरात शिकायला जाईल, नव्या मुलींत बसेल, आणि कुणीतरी विचारील की घरी कोण कोण असतं. तिला उत्तर द्यायला क्षणभर लागेल की लागणार नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. रात्री मला दुसरं काही सुचत नाही. मी नसलो की तिचं सगळं सोपं होतं, हे तिला कळलंय, आणि ते खरं आहे. मला त्याची भीती वाटते.

तू तिला लिही. मराठीत लिही, मोठ्या अक्षरात, चकल्यांबद्दल लिही. माझं नाव काढू नकोस.

तुझा भाऊ, आणि ऋताचा बाप,
दिगंबर